जिम्प ३.० : एकाच साडीचे तीन फाईलमध्ये तीन रंग दिसत असतील तर हे वापरून बघा

सरळ सांगते, साड्यांचे, ड्रेस मटेरियलचे, दागिन्यांचे फोटो एडिट करून ऑनलाईन टाकायचं काम करत असाल आणि एका फाईलमधला रंग दुसऱ्या फाईलशी जुळत नाही म्हणून वैतागला असाल तर जिम्प ३.० हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून घ्या. फुकट आहे हे चांगलंच, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही, फाईलच्या आत रंगाचं काय चाललंय हे हे सॉफ्टवेअर लपवत नाही, आधी विचारतं आणि मग दाखवतं, त्यासाठी सांगतेय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते छपाईच्या भागात येईलच.

मी येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचं ऑनलाईन कॅटलॉगचं काम बघते. आमच्याकडे फोटो येतात ते सगळीकडून येतात, काही दुकानातल्या आयफोनवर काढलेले, काही लग्नसराईच्या आधी फोटोग्राफर बोलावून मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेले, आणि काही जुन्या कॅटलॉगमधले ज्यांच्या ओरिजिनल फाईल्स आता कुणाकडेच नाहीत. या तिन्ही फाईल्स शेजारी शेजारी उघडल्या की एकाच साडीचा राणी कलर एकीकडे राणी, दुसरीकडे डाळिंबीकडे झुकलेला आणि तिसरीकडे उन्हात वाळत घालून विटल्यासारखा. मग गिऱ्हाईकाने फोटो बघून साडी मागवायची, घरी आल्यावर म्हणायचं हा तो रंगच नाही, साडी परत, कुरियरचा खर्च दुकानाच्या अंगावर. आणि विणकराने महिनोन्महिने मागावर बसून विणलेल्या साडीला "फोटोत वेगळी होती हो" असं ऐकून घ्यावं लागतं ते मला पैशापेक्षाही जास्त लागतं, कारण साडीचा काही दोष नसतो, गोम फाईलमध्ये असते.

तर आधी दुखणं काय आहे ते बघू, म्हणजे सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू नीट कळेल.

आपल्याला वाटतं की रंगाचा आकडा म्हणजे रंग. लाल म्हणजे २५५, ०, ० झालं, म्हणजे ० ते २५५ च्या मोजणीत लाल पूर्ण आणि हिरवा, निळा शून्य, यालाच आरजीबीचे आकडे म्हणतात. तसं नाहीये. आकडा कुठल्या मापात मोजलाय ते माहीत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थच नाही, जमिनीचा सौदा करताना नुसतं "पाच" म्हटलं तर पाच एकर की पाच गुंठे हे विचारावंच लागतं ना, तसंच. रंगाचं हे माप म्हणजे फाईलमध्ये बसवलेलं कलर प्रोफाईल. एसआरजीबी हे सगळ्यात चालतं माप, १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलं आणि पुढे १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं, वेबवर आजही तेच धरून चालतात. मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये दुसरं एक माप असतं, अडोबी आरजीबी. आणि आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या तिसऱ्याच मापात येतात. आता बघा, एसआरजीबीमधला जो २५५, ०, ० लाल आहे, अगदी तोच लाल, तसूभरही न बदलता, अडोबी आरजीबीमध्ये लिहिला तर २१९, ०, ० होतो आणि डिस्प्ले पी३ मध्ये लिहिला तर २३४, ५१, ३५ होतो. तीन वेगळे आकडे, रंग एकच. उलटं केलं, म्हणजे आकडा तोच ठेवून माप बदललं, की तीन वेगळे रंग.

म्हणजे आयफोनच्या फाईलमधलं प्रोफाईल वाटेत कुठेतरी गळून पडलं, कुठल्या ॲपने सेव्ह करताना काढून टाकलं किंवा कुणी मेटाडेटा साफ करणारं टूल चालवलं, की उघडणारं सॉफ्टवेअर ते आकडे एसआरजीबीचेच समजतं आणि २३४, ५१, ३५ हा खणखणीत लाल न दिसता जरा मळकट, वीटकरीकडे झुकलेला दिसतो. आमच्या विटलेल्या राणी कलरचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. आणि कुणी एसआरजीबीच्या फाईलला चुकून अडोबी आरजीबीचं लेबल लावलं तर उलटा प्रकार, सगळं भडक, अंगावर येणारं.

आता जिम्पवर येते.

पहिली गोष्ट जी मला मनापासून आवडते ती म्हणजे टायटल बार. फाईल उघडली की वरच्या पट्टीत फाईलच्या नावापुढे कंसात सगळी कुंडली लिहिलेली असते, आरजीबी आहे की इंडेक्स्ड, ८ बिट की १६ बिट (बिट जास्त तर छटा जास्त बारीक), आणि प्रोफाईलचं नाव. जिम्पचं स्वतःचं असेल तर "जिम्प बिल्ट-इन एसआरजीबी" दिसतं, आयफोनची फाईल तशीच ठेवली असेल तर "डिस्प्ले पी३" दिसतं. दोन फाईल्सचे रंग जुळत नाहीत म्हटलं की मी आधी स्लायडरला हात लावतच नाही, दोन्ही खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या वाचते, आणि अर्धी भांडणं तिथेच मिटतात. बरेच लोक ही पट्टी बघतच नाहीत आणि थेट ह्यू-सॅच्युरेशन उघडून डोळ्याने रंग जुळवत बसतात, मग त्या एका स्क्रीनवर जुळतं आणि गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर परत बोंब. फोटोशॉपवाल्यांना पण अशी सोय आहे बरं का, त्यांच्या टॅबवर आरजीबी/८ च्या पुढे चांदणी असेल तर फाईलचं प्रोफाईल वर्किंग स्पेसपेक्षा, म्हणजे फोटोशॉपमध्ये ठरवून ठेवलेल्या मापापेक्षा, वेगळं आहे आणि हॅशची खूण असेल तर फाईलला प्रोफाईलच नाही, पण दोन छोट्या खुणांत ते लपलेलं असतं, जिम्प नावच लिहून देतं, नवीन माणसाला ते सोपं पडतं.

दुसरी गोष्ट, फाईल उघडतानाचा प्रश्न. फाईलमध्ये एसआरजीबी सोडून दुसरं प्रोफाईल असलं की जिम्प एक खिडकी दाखवतं आणि विचारतं, कीप की कन्व्हर्ट. कीप म्हणजे आहे ते माप तसंच राहू दे, कन्व्हर्ट म्हणजे आकडे बदलून एसआरजीबीमध्ये आण पण रंग दिसायला शक्य तितका तोच ठेव. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त काम काय आहे त्यावर ठरवा. नुसतं क्रॉप करून, उजेड वाढवून वेबवर टाकायचंय तर कन्व्हर्ट करून टाका, कटकट संपली. पदराच्या मोराच्या पिसातले निळे-हिरवे बारकावे सांभाळत भारी रिटचिंग करायचंय आणि पुढे चांगल्या प्रिंटला पण जाणार आहे तर कीप करा, जमलं तर इमेज मेनूतून प्रिसिजन १६ बिटची करा, आणि एसआरजीबीमध्ये शेवटी आणा. पण काय ठरवाल ते सगळ्या फाईल्सना एकसारखं ठरवा, एका कॅटलॉगमध्ये अर्ध्या कीप आणि अर्ध्या कन्व्हर्ट केल्या की आकडे कॉपी करून काम करणाऱ्याचे हाल होतात, एका फाईलमधून आरजीबीचे आकडे उचलून दुसरीत टाकले की रंग वेगळा.

याच खिडकीत खाली "परत विचारू नका" अशा अर्थाचा एक टिकबॉक्स आहे. त्याला हात लावू नका असं मी प्रत्येकाला सांगते. तो टिक केला की पुढची प्रत्येक फाईल तुम्हाला न विचारता त्याच पद्धतीने उघडणार, आणि नंतर काय झालं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. ऑफिसमध्ये दोन कॉम्प्युटरवर एकच फाईल वेगळी दिसते तेव्हा एकावर हा टिक पडलेला असणं हे अगदी नेहमीचं कारण. पडलाच असेल तर प्रेफरन्सेसमध्ये कलर प्रोफाईलच्या पॉलिसीत जाऊन "आस्क" करून ठेवा. आणि त्या खिडकीची भाषा जरा अजून सोपी हवी होती हे मात्र खरं, ज्याला प्रोफाईल हा शब्दच नवीन आहे तो घाबरून काहीतरी दाबणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, असाइन आणि कन्व्हर्ट. इमेज मेनूमध्ये कलर मॅनेजमेंट म्हणून आहे, त्यात असाइन कलर प्रोफाईल आणि कन्व्हर्ट टू कलर प्रोफाईल अशा दोन ओळी एकाखाली एक आहेत आणि नावं दिसायला सारखी असली तरी कामं अगदी उलटी आहेत. असाइन आकड्यांना हात लावत नाही, फक्त लेबल बदलतं, त्यामुळे स्क्रीनवरचा रंग बदलतो. कन्व्हर्ट आकडे बदलतं, त्यामुळे स्क्रीनवरचा रंग तोच राहतो. कधी कुठलं वापरायचं? फाईलचं लेबल हरवलंय किंवा चुकीचं लागलंय आणि खरं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तर असाइन. लेबल बरोबर आहे, फक्त दुसऱ्या मापात न्यायचंय, तर कन्व्हर्ट. आमच्याकडे आयफोनवरचा म्हणून माहीत असलेला फोटो बिनलेबलचा येतो तेव्हा आधी डिस्प्ले पी३ असाइन करायचं, रंग एकदम जिवंत होतो, राणी परत राणी दिसते, आणि मग एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट. हा क्रम उलटा केला तर आधीच्या कन्व्हर्टने काहीच होत नाही आणि फाईल पी३ मध्येच राहते. डिस्प्ले पी३ चं प्रोफाईल तुमच्या यादीत नसेल तर आयफोनची दुसरी कुठलीही धड फाईल उघडा, कीप करा, आणि त्याच मेनूतून तिचं प्रोफाईल फाईल म्हणून सेव्ह करून घ्या, तेच इकडे असाइन करता येतं.

कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी एक खूण लक्षात ठेवा, ही जिम्पची नाही पण फार उपयोगी आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अडोबी आरजीबी लावलेलं असेल तर फाईलच्या नावाची सुरुवातच अंडरस्कोरने होते, म्हणजे साधं डीएससी आणि चार आकडे असं नाव असायच्या ऐवजी अंडरस्कोर, डीएससी, आकडे. फोटोग्राफरकडून पेन ड्राईव्ह आला की फाईल न उघडता नुसत्या नावावरून कळतं की हा बॅच कुठल्या मापात आहे. आणि एकाच शूटच्या फोल्डरमध्ये काही नावं अंडरस्कोरवाली आणि काही तशी नसलेली दिसली की समजायचं दोन कॅमेरे दोन सेटिंगवर चालले होते.

जुळवाजुळव तपासायची असेल तर जिम्पमधलं कलर पिकर आणि सॅम्पल पॉईंट ही जोडी भारी आहे. पट्टीवरून, म्हणजे रूलरवरून, कंट्रोल दाबून माऊस ओढला की फोटोवर सॅम्पल पॉईंट बसतो आणि त्या जागेचा रंग सतत आकड्यांत दिसत राहतो. इथे दोन गोष्टी करा. एक म्हणजे आरजीबीचे आकडे न बघता यादीतून लॅब निवडा, कारण लॅबचा आकडा फाईलच्या मापावर अवलंबून नसतो, तो थेट दिसणाऱ्या रंगाचा आकडा आहे. एक फाईल पी३ मध्ये आणि दुसरी एसआरजीबीमध्ये असली तरी लॅबचे आकडे जवळ आले तर रंग खरंच जुळलाय आणि लांब राहिले तर नाही, मग स्क्रीनवर काहीही दिसो. दुसरं म्हणजे कलर पिकरने मोजताना सॅम्पल अ‍ॅव्हरेज टिक करून रेडियस वाढवा. पैठणीच्या अंगावर बुट्टी असते, जर असते, विणीचे धागे असतात, एकाच पिक्सेलवर नेम धरून मोजलं तर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की आकडा उडी मारतो आणि आपण उगाच समजतो रंग बदलला.

३.० मध्ये इथे खरंच फरक पडलाय. २.१० हे व्हर्जन २०१८ च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हा जिम्पमध्ये १६ आणि ३२ बिट आले, प्रोफाईलचं काम बरंच सुधारलं, पण आत बऱ्याच ठिकाणी सगळं एसआरजीबीच आहे असं धरूनच हिशोब व्हायचा. ३.० यायला १६ मार्च २०२५ उजाडला, मधे जवळजवळ सात वर्षं गेली, पण या काळात त्यांनी रंगाचा आकडा आणि त्याचं माप हे आतून कायम सोबत ठेवायचं काम केलं. त्यामुळे एसआरजीबी नसलेल्या फाईलमध्ये काम करताना आता जास्त भरवसा वाटतो. २.१० वर अजून अडकलेले असाल आणि पी३ च्या फाईल्स तशाच ठेवून काम करत असाल तर या एका कारणासाठी तरी अपडेट करा.

आता अशी दोन कारणं सांगते जी प्रोफाईलची नाहीत पण लोक प्रोफाईललाच दोष देत बसतात.

एक, इंडेक्स्ड मोड. जुन्या वेबसाईटवरून उचललेला दुकानाचा लोगो जिफ फाईलमध्ये असतो, त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, बहुतेक वेळा त्याहून कितीतरी कमी. तो उघडला की जिम्प टायटल बारमध्ये इंडेक्स्ड लिहितं. आता या फाईलमध्ये तुम्ही मोरपंखी रंग निवडून ब्रश मारला तर त्या फाईलच्या यादीत मोरपंखी नाहीच, मग जिम्प सगळ्यात जवळचा जो सापडेल तो लावतं, करडा निळा काहीतरी, आणि माणूस म्हणतो अरे मी रंग तर बरोबर घेतला होता. साडीचा फोटो त्यात पेस्ट केला तर तोही त्याच मूठभर रंगांत बसवला जातो. उपाय एका ओळीचा, इमेज, मोड, आरजीबी, आणि मग पुढचं काम. ग्रेस्केल फाईलचं पण तेच, त्यात काहीही पेस्ट करा, राखाडीच होणार.

दोन, लेयरचे मोड, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर एकमेकांत कसे मिसळायचे ती पद्धत, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. जिम्प २.८ च्या काळात बनवलेली एक्ससीएफ फाईल (जिम्पची स्वतःची फाईल) आणि आज नव्याने बनवलेली फाईल, दोन्हीत सेम पांढरा वॉटरमार्क सेम ५० टक्के ओपॅसिटीने टाकला तरी नव्या फाईलमध्ये तो जास्त उजळ दिसतो. आमचा टेम्प्लेट जुन्या फाईलमध्ये होता, नवीन टेम्प्लेट केला तेव्हा दुकानाचं नाव पदरावर एकदम ठसठशीत आलं. कारण असं की नव्या डीफॉल्ट मोडमध्ये जिम्प प्रकाशाच्या खऱ्या हिशोबाने, लिनियर पद्धतीने, रंग मिसळतं आणि जुन्या लेगसी मोडमध्ये नुसत्या आकड्यांची सरासरी काढतं. काळ्यावर ५० टक्के पांढरा टाकला तर जुन्या पद्धतीत साधारण १२८ चा करडा येतो आणि नव्यात १८८ चा. केवढा फरक आहे बघा. लेयर्सच्या पॅनेलमध्ये मोडच्या शेजारी एक छोटं बटण आहे, त्याने डीफॉल्ट आणि लेगसी यात बदलता येतं. सगळ्या टेम्प्लेटना एकच ठेवा, कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते नवीन डीफॉल्ट जास्त चांगलं आहे, मऊ ब्रशच्या कडा आणि सावल्या त्यात नैसर्गिक दिसतात, पण जुना माल भरपूर असेल तर लेगसीवरच राहणं शहाणपणाचं.

आता स्क्रीनचा विषय. फाईल तीच, जिम्पमध्ये पिवळट दिसते आणि दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये पांढरीशुभ्र, अशी तक्रार विंडोजवर खूप असते, आणि तिथे दोष बहुतेक वेळा मॉनिटरच्या प्रोफाईलचा असतो. मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी आपोआप त्याचं प्रोफाईल टाकतं आणि ते चुकीचं असेल तर जी सॉफ्टवेअर्स प्रोफाईल मानतात, म्हणजे जिम्प, त्यांच्यातच पिवळा झाक दिसते, आणि जी मानतच नाहीत ती ठीक दिसतात. म्हणजे नियम पाळणारा बदनाम होतो. तपासायचं सोपं आहे, प्रेफरन्सेसमध्ये कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन "सिस्टीमचं मॉनिटर प्रोफाईल वापरायचा प्रयत्न कर" हा टिक काढा आणि बघा, पिवळेपणा गेला तर प्रोफाईल खराब आहे. मग विंडोजच्या स्टार्टमध्ये कलर मॅनेजमेंट शोधा, तुमचा मॉनिटर निवडा, "माझ्या सेटिंग वापरा" टिक करा आणि एसआरजीबी प्रोफाईल ॲड करून डीफॉल्ट करा. हा तात्पुरता इलाज आहे, खरा इलाज म्हणजे कॅलिब्रेटर, स्क्रीनवर ठेवायचं ते छोटं यंत्र, आणि त्याच्याबरोबर डिस्प्लेकॅलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर. रोज रंगाचंच काम असेल तर हा खर्च वसूल होतो, कधीमधी चार फोटो टाकणाऱ्याला गरज नाही. आणि काम करताना नाईट लाईट बंद ठेवा, संध्याकाळी सहानंतर एडिट केलेले फोटो सकाळी निळे वाटतात त्याचं कारण तेच.

नव्या ओएलईडी लॅपटॉपवर अजून एक प्रकार होतो, स्क्रीनच इतकी रंगीत असते की कलर मॅनेजमेंट न मानणाऱ्या ॲपमध्ये सगळे लाल, राणी, केशरी पेटलेले दिसतात. जिम्पमध्ये मॉनिटरचं प्रोफाईल बरोबर बसलेलं असेल तर तिथलाच रंग खरा धरा.

पण सगळं सॉफ्टवेअरवर ढकलू नका, हे पण सांगायला हवं. पैठणीत ताण्याचा एक रंग आणि बाण्याचा दुसरा असला की धूपछाव दिसतो, उजेड डावीकडून आला तर हिरवा, समोरून आला तर जांभळा. अशा साडीचे दोन कोनातले दोन फोटो दोन रंगांचे दिसणारच, आणि दोन्ही खरे आहेत. तिथे एकाला खोटं ठरवून दुसऱ्यासारखं करू नका, दोन्ही फोटो टाका आणि खाली धूपछाव आहे असं लिहा, गिऱ्हाईक कौतुकच करतं. व्हाईट बॅलन्सचं, म्हणजे कुठल्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं या हिशोबाचं, पण वेगळं आहे, दुकानातल्या ट्यूबलाईटखाली काढलेला आणि खिडकीजवळ काढलेला फोटो प्रोफाईल बदलून जुळणार नाही, त्यासाठी फोटो काढतानाच पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे राखाडी रंगाचं कार्ड, धरा आणि रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल, असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये तिथूनच बॅलन्स घ्या.

आणि काही रंग एसआरजीबीत मावतच नाहीत. रेशमावरचा झळझळीत राणी आणि गर्द मोरपंखी हे त्यातले. पी३ मधून एसआरजीबीत आणताना हे रंग काठावर येऊन आपटतात, मग मोराच्या गळ्यातल्या चार छटांची एकच सपाट छटा होते. कन्व्हर्टच्या खिडकीत रेंडरिंग इंटेंट, म्हणजे न मावणारे रंग कसे बसवायचे ती पद्धत, बदलून फार काही हाती लागत नाही. मी काय करते तर कन्व्हर्ट करायच्या आधी त्या भागाची सॅच्युरेशन किंचित उतरवते, रंग थोडा शांत होतो पण वीण दिसत राहते. पैठणी घेणारी बाई वीण बघते. रंगात थोडं कमी-जास्त तिला चालतं, पण सपाट दिसणारा मोर ती लगेच मशीनचा समजते.

एक्स्पोर्ट करताना जेपेगच्या खिडकीत सेव्ह कलर प्रोफाईल हा टिक आहे का बघा. एसआरजीबीच आहे तर कशाला, असं वाटतं, पण बिनलेबलचा फोटो रंगीत स्क्रीनवर काही व्ह्यूअर जसाच्या तसा ढकलतात आणि तो भडक दिसतो, लेबल असेल तर नीट उतरवून दाखवतात. साईज जेमतेम काही केबीने वाढते. पीएनजीला पण हेच.

आता तो कापलेला स्टार. छपाई. लग्नसराईत पत्रकं, हँगटॅग, बॅनर सगळं प्रेसला जातं आणि प्रेसवाले मागतात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातली फाईल. ३.० मध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगाची स्क्रीनवरची झलक, हा प्रकार खूप सुधारलाय, सीएमवायके प्रोफाईल त्या त्या फाईललाच जोडून ठेवता येतं आणि खाली स्टेटस बारमध्येच एक बटण आहे, दाबलं की छापल्यावर रंग साधारण कसा दिसेल ते दिसतं. राणी कलरवर ते बटण दाबून दुकानाच्या मालकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, हा तर एकदम मेला." मेलाच असतो, चार शाईत तो झळाळ येत नाही, पण ते छापायच्या आधी दिसलं ही केवढी मोठी सोय. जेपेग आणि टिफ सीएमवायकेमध्ये एक्स्पोर्ट पण होतं. फक्त सीएमवायकेचं प्रोफाईल तुम्हाला बाहेरून आणावं लागतं, तेव्हा आधी प्रेसला विचारा ते कुठलं वापरतात, आर्ट पेपरसाठी फोग्रा३९ बऱ्याच ठिकाणी चालतं.

पण थेट सीएमवायकेमध्ये काम करायची सोय जिम्पमध्ये अजून नाही. आतलं सगळं काम आरजीबीत आणि बाहेर पडताना बदल, त्यामुळे साधी काळी अक्षरं सुद्धा बदलून जाताना चारही शाईंची होतात, आणि छापताना शाईंचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकमेकींवर नेमकं बसणं, जरा हललं की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. किमतीचा टॅग, पत्ता, फोन नंबर, हे सगळं बारीक अक्षरातच असतं. म्हणून जिम्पमध्ये फक्त साडीचा फोटो तयार करायचा, प्रोफाईल बसवून टिफ काढायची, आणि अक्षरं, बॉर्डर, लोगो हे स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावायचं, तिथे काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवता येतो आणि पीडीएफ थेट प्रेसला देता येते. स्क्रायबस पण फुकटच आहे. पहिल्यांदा जोडी जमवायला थोडा वेळ लागतो, पण एकदा टेम्प्लेट बसलं की पुढच्या सीझनला फक्त फोटो बदलायचे.